जोर-बैठकांनो, आमच्या घरी या

प्रिय जोर-बैठकांनो,

तुमची-माझी ओळख जुनी, पण दुरूनची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम होती. पहाटे दूध आणायला निघालं की आतून आकडे मोजल्याचे आवाज यायचे. उंबऱ्यापलीकडे लाल माती, कोपऱ्यात मुद्गल, समोर मारुती. मुलींनी आत पाऊल टाकायचं नाही हे कुणी सांगावं लागत नसे. आम्हाला तुम्ही भेटलात ते शाळेत, गृहपाठ राहिला म्हणून कान धरून काढलेल्या उठाबशांमध्ये. ताकद मुलांची आणि आपल्या वाट्याला शिक्षा, ही समजूत डोक्यात बसली ती पन्नाशीपर्यंत हलली नाही.

मग आई जमिनीवरून उठेनाशी झाली. पडली नव्हती, काही मोडलं नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एके सकाळी ती देवापुढे बसली. उठताना एक हात टेकला, मग दुसरा, मग मला हाक मारली. त्यानंतर देव टेबलावर गेले, भाजी निवडणं खुर्चीवर आलं, सत्यनारायणाला कुणाकडे जाणं थांबलं. आम्ही सगळ्यांनी ‘वय झालं’ म्हणून ते मिटवून टाकलं. ती रोज संध्याकाळी अर्धा तास चालत होती, म्हणजे व्यायाम होतोच आहे, असंही आम्ही धरून चाललो होतो.

चालणं हृदयाला चांगलं, मनालाही चांगलं. पण सपाट रस्त्यावर चालून मांडीला जास्तीचा भार पेलावा लागत नाही, आणि जो भार पेलावा लागत नाही त्यासाठी शरीर स्नायू राखून ठेवत नाही. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर ओसरते. इतक्या सार्वत्रिक झिजेला वैद्यकात स्वतःचं नाव मिळायला १९८९ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचवला. अर्थ साधा आहे : मांसाची उणीव.

आईला आता काही होणार नाही, हा माझा समज मोडला तो बोस्टनमधल्या एका प्रयोगामुळे. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमात राहणारी, नव्वदीच्या आसपासची, अशक्त माणसं त्यांनी निवडली आणि आठ आठवडे त्यांच्या पायांना वजनाचा व्यायाम दिला. अलगद हातपाय हलवणं नव्हे, दमवणारं वजन. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत! मी ते वाचून आईच्या खोलीत गेले तेव्हा ती टेबलावरच्या देवांना उभ्यानं फुलं वाहत होती.

आणि एक गोष्ट आपल्या माणसांना मुद्दाम सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणाऱ्या आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, ती अशी. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर मोठ्या प्रमाणात ओढून घेतो तो स्नायू. मधुमेह घरोघरी पोचलेला असताना तुम्ही मात्र तालमीत आणि जिममध्ये विशीतल्या पोरांपाशी थांबलात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून तुम्हाला घरी बोलावलं. आधी डॉक्टरांना विचारलं, कारण आईला रक्तदाबाची गोळी आहे. त्यांनी एकच गोष्ट बजावली : जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेवर उशी ठेवली, म्हणजे बैठक उंच झाली. हात छातीशी घेऊन उठायचं आणि धपकन न पडता सावकाश बसायचं. पाचव्यांदा पाय थरथरले, तिथे थांबलो. दोन दिवस मांड्या दुखल्या. हे दुखणं नव्या कामाचं असतं आणि आपोआप जातं. सांध्यात कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं. आठ ते बारा वेळा जमू लागलं तशी उशी गेली, मग पलंगाऐवजी खुर्ची आली, मग बुटकं स्टूल. जोरांचंही तसंच. आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला. हातात धरायला दोन किलो तांदळाची पिशवी पुरली. पुढे दोन हातांत दोन पिशव्या घेऊन ती घरभर फेऱ्या मारू लागली.

सगळी मेख या ‘आधी’ आणि ‘मग’मध्ये आहे. शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत, आणि सोप्या वाटू लागल्या की भार वाढवला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे गुडघे बरे करताना थॉमस डीलॉर्म या अमेरिकी डॉक्टरांनी ही चढती पद्धत वैद्यकात रुजवली. हलका मुद्गल आधी आणि जड मागाहून, हे तालमीतला वस्ताद शिकवतोच. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू दिसायला वाढत नाहीत, पण मज्जातंतू त्यांना नीट कामाला लावायला शिकतात. तेव्हा आरशात पाहून निराश होण्याचं कारण नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये विश्रांती हवीच. ताटात वरण घट्ट हवं. उसळ, दही, अंडं, मासे, जे चालत असेल ते रोज हवं. नुसत्या पोळीभातावर स्नायू उभा राहत नाही.

माझ्या मैत्रिणी विचारतात, दंड पुरुषी दिसतील का? नाही दिसणार. तितकं पुरुषी संप्रेरक बाईच्या शरीरात नसतं. पाळी थांबल्यावर ठिसूळ होत जाणाऱ्या हाडांना मात्र हाच भार टिकवून धरतो.

सहा महिन्यांनी आईनं देव टेबलावरून खाली घेतले. ती पाटावर बसते आणि एक हात टेकून, मला हाक न मारता उठते.

तेव्हा जोर-बैठकांनो, तालीम सोडू नका, पण आता स्वयंपाकघरात या, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर या. आणि तुम्ही, जे हे पत्र वाचताय, ते आत्ता घड्याळ समोर ठेवा आणि हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठून बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर उद्या सकाळपासून सुरुवात करा.

तुमची,
एक उशिरा आलेली विद्यार्थिनी