सर्व्हर डाऊन नाही, ओळख तुटली आहे

नांदेड असो की लातूर, काऊंटरवर एक वाक्य ऐकलं की माणूस पिशवी उचलून परत फिरतो. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ त्यापुढं कुणी काही विचारत नाही. विचारायचं काय, हेच माहीत नसतं.

मागच्या महिन्यात एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही, कारण भांडण तिथल्या कारकुनाशी नाही. कंधारकडचे एक आजोबा तिसऱ्यांदा आले होते. म्हणाले, “सर्व्हर डाऊन हाय म्हणायलेत बाबा. रोजगार बुडवून यायचं अन् हात हलवत जायचं.” गंमत अशी, की शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मस्त चालू होता. तोच सर्व्हर, तेच नेट. मग मी अडलेल्या मशीनच्या स्क्रीनकडं पाहिलं. इंग्रजीत एक ओळ होती. अर्थ एवढाच : या कॉम्प्युटरचा आणि डोमेनचा विश्वासाचा संबंध तुटला आहे.

ही भानगड समजून घ्या. बँक, विद्यापीठ, मोठी कार्यालयं, इथले कॉम्प्युटर एका मुख्य सर्व्हरच्या हजेरीपटावर असतात. त्या व्यवस्थेला डोमेन म्हणतात. कर्मचाऱ्याला जसा पासवर्ड, तसा मशीनलाही स्वतःचा गुप्त पासवर्ड असतो. विंडोज तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतं. मशीनकडचा आणि सर्व्हरकडचा पासवर्ड जुळेना, की सर्व्हर त्या मशीनला ओळख देत नाही.

हे कशानं होतं? मशीन बिघडली म्हणून जुना बॅकअप टाकला, तर जुना पासवर्डही परत येतो. एकाच नावाच्या दोन मशीन जोडल्या, तर दुसरी पहिलीची जागा घेते. कधी वरून यादी साफ करताना मशीनचं खातंच उडवलं जातं. मशीन दोन महिने नुसती बंद होती, एवढ्यानं मात्र हे होत नाही. आणखी एक, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ मागं जातं. सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तरी लॉगिन अडू शकतं. म्हणून आधी तारीख-वेळ बघावी.

दुरुस्ती किती मोठी? मशीनच्या लोकल ॲडमिन खात्यातून आत जायचं, पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट कॉम्प्युटर सिक्युअर चॅनल’ ही आज्ञा ‘रिपेअर’ जोडून द्यायची आणि डोमेनमध्ये अधिकार असलेल्या माणसाचा पासवर्ड टाकायचा. खातंच उडालं असेल, तर मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडायची. त्याआधी लोकल पासवर्ड हातात आहे ना, याची खात्री करायची, नाहीतर आपणच बाहेर राहतो. सगळं नीट असेल तर अर्ध्या तासाचं काम.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडल्या. विमानं थांबली, काही ठिकाणी बोर्डिंग पास हातानं लिहिले गेले. ते खरं संकट. आपल्याकडं अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस लागतात, कारण तो पासवर्ड आणि अधिकार तालुक्यात कुणाकडंच नसतो. तक्रार वर जाते, इंजिनिअर दुसऱ्या शहरातून येतो, तोवर काऊंटरवरचा माणूस शिव्या खातो.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता जुन्या मशीन बदलल्या जातील, नव्यानं भरल्या जातील, म्हणजे हे प्रकार वाढू शकतात. म्हणून मागणं तीनच. प्रत्येक तालुक्यात हे काम करायचा अधिकार असलेला एक माणूस ठेवा. एक मशीन अडली, तर रांग शेजारच्या चालू मशीनवर वळवा. आणि काम कधी होईल, ते वेळ टाकून फळ्यावर लिहा, म्हणजे कंधारचा माणूस एसटीत बसण्याआधी फोन करून विचारू शकेल.

आणि आपण? ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की एवढंच विचारायचं, “सगळ्यांचा डाऊन आहे, का या एकाच कॉम्प्युटरचा?” आवाज न चढवता. बघा, उत्तर काय येतं. कमेंटमध्ये सांगा, कर्मचाऱ्याचं नाव न टाकता.