पोथींतील ‘अमुक’

नवें यंत्र आलें कीं आपल्या घरांतून दोन तऱ्हेचे उद्गार निघतात. ‘आतां माणसाला काम उरलें नाहीं,’ असें एक म्हणतो. ‘यंत्रावर भरंवसा ठेवूं नये,’ असें दुसरा म्हणतो. भायखळ्यास आमच्या बिऱ्हाडीं भाचा राहावयास आल्यापासून या दोहोंपेक्षां निराळी गोष्ट आमच्या ध्यानांत आली आहे.

भाचा ‘क्लाउड’वरील सर्व्हर सांभाळतो. क्लाउड म्हणजे आकाशांतील कांहीं नव्हे. दूरच्या इमारतींत मांडलेले व भाड्यानें मिळणारे संगणकच ते. ॲमेझॉन कंपनीनें असा तळ मुंबईस २०१६ सालीं उघडला. शेंकडों संगणकांची निगा एकेक करून राखणें अशक्यच. म्हणून सुरक्षेचीं ठिगळें लावणें, जुन्या नोंदी झाडून काढणें, अशा कामांच्या आज्ञा क्रमवार लिहून ठेवितात. त्यांस ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. तयार स्क्रिप्ट निवडावयाची, ती कोणत्या संगणकांवर चालवावयाची तें भरावयाचें, आणि कळ दाबावयाची.

ही रीत आम्हांस परकी वाटली नाहीं. पूजेची पोथी एकदां लिहिली गेली, व घरोघर तीच चालते. परंतु तिच्या संकल्पांत जागोजाग ‘अमुक’ हा शब्द छापलेला असतो. तेथें यजमानाचें गोत्र व त्या दिवसाची तिथि घातल्यावांचून संकल्प पुरा होत नाहीं. पोथी शहाणी खरी. पण ती कोणाच्या घरीं, कोणत्या दिवशीं उघडली आहे, हें तिला ठाऊक नसतें.

स्क्रिप्टलाही तें ठाऊक नसतें. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अमेरिकेंत, उत्तर व्हर्जिनियांतील तळावर, ॲमेझॉनच्या एका अधिकारी माणसानें ठरलेल्या कृतिपत्राप्रमाणेंच आज्ञा दिली. थोडे सर्व्हर बाजूस काढावयाचे होते. भरावयाचा एक तपशील चुकला, आणि फारच अधिक सर्व्हर निघाले. चार तासांहून अधिक काळ असंख्य संकेतस्थळें अडून राहिलीं. पोथी बरोबर होती. ‘अमुक’ चुकला होता. कंपनीनें मागाहून तें साधनच सुधारलें: सर्व्हर सावकाश निघावे, आणि किमान संख्येच्या खालीं जाण्याची आज्ञा मानूंच नये.

असे लगाम भाच्याच्या कामांतही आहेत. एका वेळीं किती संगणकांवर काम चालावें, व किती चुका होतांच थांबावें, हे आंकडे आधींच भरतां येतात. ठिगळें लावण्याच्या तयार आज्ञापत्रांत तर ‘नुसतें पाहा’ आणि ‘लावा’ असे दोन पर्याय असतात. शहाणा मनुष्य आधीं पाहतो. रविवारीं मध्य रेल्वे मेगाब्लॉक घेते, तेव्हां कोणत्या स्थानकांमध्यें, कोणत्या मार्गावर, किती वाजेपर्यंत, हें आधीं जाहीर करते. भायखळ्याच्या फलाटावर तिष्ठणारास तो जाच वाटतो. पण रुळावर वांकून काम करणाराचा जीव त्या नेमकेपणावरच अवलंबून असतो.

भाच्याच्या सर्व्हरांवर एका रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या नोंदी आहेत. एका रात्रीं दोनच्या सुमारास तो संगणकांचीं नांवें मोठ्यानें वाचीत बसला होता. ‘अरे, मध्यरात्रीं कसला जप मांडलास?’ म्हणून घरांतील मंडळींनीं विचारलें. इतक्यांत तो थबकला. जुन्या नोंदी पुसण्याची आज्ञा सरावाच्या संगणकासाठीं होती. यादींत मात्र जवळजवळ त्याच नांवाचा, चालू नोंदींचा संगणक आला होता. त्यानें तो वगळला व पुन्हां पहिल्यापासून वाचूं लागला. सकाळीं आम्हीं त्याचें कौतुक केलें, तेव्हां तो म्हणाला, “मामा, आज्ञा मीं लिहिलेली नाहीं; पण ती कोठें चालविली, याचा जाब मलाच द्यावा लागेल.”

वडिलांनीं घालून दिलेल्या रीति आपणही अशाच चालवितों. त्या लिहिणारे शहाणे होते, यांत संशय नाहीं. परंतु समोरचें माणूस व आजचा दिवस त्यांनीं पाहिलेला नव्हता. ती जागा त्यांनीं मोकळी ठेविली आहे, आणि ती भरण्याचें काम आपलें आहे.