दोन कागद

नागपूरहून लागोसला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, "तुमचा जीनोटाइप काय?" मला माझा रक्तगट तेवढा ठाऊक होता. तिथं कॉलेजातली पोरंसुद्धा 'मी एए, ती एएस' असं आपण रास सांगावी तसं सांगतात. नायजेरियाची वस्ती २० कोटींच्या वर, आणि त्यात साधारण चौघांत एक सिकलसेलचा वाहक, म्हणजे एएस. वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून हा दोष त्या मुलखाच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

त्याच मुलीचं लग्न ठरलं होतं. सहा वर्षांची ओळख. मुलगा एएस, ती एए. कॉलेजप्रवेशाच्या वेळचा रिपोर्ट तिच्याकडे होता. चर्चनं लग्नाआधी नवी तपासणी करायला लावली. निघालं एएस. सोमवारी सकाळी तिनं दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. दोन्हींवर शिक्का, सही, तिचंच नाव. फरक एका अक्षराचा. तिसरीकडे तपासलं, तिथंही एएसच. मग मी तिच्याबरोबर त्या जुन्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. "लिहिताना चूक झाली असेल," म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. नातेवाइकांनी लग्नात घालायचं एकसारखं कापड, आसो एबी, तोवर वाटूनही झालं होतं. आजही आठवलं की डोकं तापतं.

पाद्र्यांनी लग्न लावायला नकार दिला. तेव्हा मी त्यांच्यावरही भडकलो होतो. सहा वर्षांच्या प्रेमाला कागद दाखवणारे हे कोण? पण माझ्या मावसभावाला सिकलसेल होता. रात्र रात्र सांधे धरून ओरडायचा, मावशी फडक्यात गरम वीट गुंडाळून शेकत बसायची. आईबाप दोघंही वाहक असले, की दर बाळंतपणात चारांत एक शक्यता तशाच बाळाची. पाद्री चुकले असं आज मला म्हणवत नाही.

त्या मुलीच्या आजीनं एकदा अबिकूबद्दल सांगितलं. घरात एकामागून एक मुलं गेली, की तेच मूल मरून परत जन्माला येतंय असं तिथले जुने योरुबा लोक मानत. मग पुढच्याचं नाव ठेवायचे कोकुमो, म्हणजे आता मरणार नाही; किंवा मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. ऐकताना मला आपल्याकडचे धोंडू आणि दगडू आठवले. अबिकू मानलेल्या त्या मुलांपैकी बरीच सिकलसेलनं गेली असावीत, असं आता अभ्यासक म्हणतात.

गडचिरोली, नंदुरबार, आमचं नागपूर, सगळीकडे हा आजार आहे. तरी आपण पत्रिकेतले छत्तीस गुण मोजतो आणि रक्ताचं नाव काढत नाही. लग्न ठरवण्याआधी, मन गुंतण्याआधीच, दोघांची तपासणी करा. आणि एका लॅबच्या कागदावर विसंबू नका, दुसरीकडूनही खात्री करून घ्या.