थेंबभर गळू दे

मला घडवणाऱ्या माणसांची नावं काढायला बसलो, की आई-वडिलांच्या पाठोपाठ एका गॅरेजवाल्या मिस्त्रींचं नाव येतं. आम्ही पोरं त्यांना वस्ताद म्हणायचो. कांजूरला एलबीएस मार्गाच्या आत, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. कांजूर तेव्हा, म्हणजे १९८० च्या दशकात, कारखान्यांच्या वेळापत्रकावर चालायचं. क्रॉम्प्टनची शिफ्ट सुटली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. रुळांपलीकडे पूर्वेला मिठागरं. तिकडच्या खाऱ्या वाऱ्याने नट-बोल्ट बघता बघता गंजायचे. निम्मा जन्म गंजाशी भांडण्यात गेला, असं वस्ताद स्वतःच म्हणायचे.

पोटापाण्याला फियाट होत्याच. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला, त्यामुळे पद्मिनीचा कुठलाही पार्ट दुपारपर्यंत हातात यायचा. पण वस्तादांचा जीव जुन्या गाड्यांत. दादरच्या एका पारशी शेठची फोर्ड मॉडेल ए त्यांच्याकडे यायची, आणि ती आली की फियाटवाल्यांना खुशाल ताटकळत ठेवलं जायचं.

मॉडेल ए फोर्डने १९२७ च्या अखेरीस बाजारात आणली. तिच्या आधीच्या मॉडेल टी ला, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर वॉटर पंप नव्हताच. तापलेलं पाणी आपसूक वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं. पंप नाही, त्यामुळे त्याला ग्रीस घालायची कटकटही नाही. मॉडेल ए ला मात्र पंप आला, सिलिंडर हेडच्या तोंडाशी. पंखा आणि पाणी ढकलणारा इम्पेलर एकाच लांब शाफ्टवर. हा शाफ्ट पाण्यातून बाहेर पडतो तिथे आजच्यासारखं सील नाही. ग्रॅफाइट लावलेली डोरी शाफ्टभोवती गुंडाळायची आणि वरून नट आवळून ती दाबायची. पुढे रोलर बेअरिंग, मागे ब्राँझचं बुश, आणि दोन्हींसाठी ग्रीसचे निपल. दर पाचशे मैलांनी तिथे ग्रीसगन लावायची, असा कंपनीचा दंडक.

एकदा ती गाडी तापते म्हणून आली. मधल्या काळात शेठनी ती दुसरीकडे दाखवली होती. तिथल्या कुणीतरी गळती थांबवायला नट गच्च आवळला होता आणि निपलमधून ग्रीस जाईल तितकं कोंबलं होतं. वस्तादांनी रेडिएटरचं झाकण काढून बोट आत फिरवलं आणि ते माझ्या नाकाखाली धरलं. बोटावर तपकिरी, चिकट साय. जादा ग्रीस बुशातून पुढे सरकून पाण्यात उतरलं होतं, रेडिएटरच्या नळ्यांना आतून त्याचं अस्तर बसलं होतं. पंप पाणी ढकलत होता, पण ते निवत नव्हतं. नट सोडल्यावर डोरी जळून काळी ठिक्कर पडलेली, आणि शाफ्टवर नखाला लागतील अशा चऱ्या.

शाफ्ट लेथवर गेला. रेडिएटरमध्ये धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी घालून तो पुन्हा पुन्हा खळबळवला. मग नवी डोरी भरून वस्तादांनी नट हातानेच फिरवला, पान्याने जेमतेम टेकवला आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने नटाखाली एक थेंब जमला आणि पडला. मी पाना घेऊन पुढे झालो, तर मनगट धरलं. "गळू दे थेंबभर. त्याच पाण्यावर डोरी थंड राहते. सुकी पडली की शाफ्ट खाईल."

ग्रीसच्या बाबतीत ते सोवळं पाळायचे. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस पंपाला लावू द्यायचे नाहीत. नवा डबा आला की ओल्या तळहातावर चिमूटभर ग्रीस घेऊन अंगठ्याने घोटायचे. दुधाळ झालं तर तो डबा बाजूला. का, ते मला पुढे आयटीआयमध्ये कळलं. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण. सोड्याच्या साबणाचं ग्रीस पाण्यात विरघळून वाहून जातं, चुन्याच्या साबणाचं पाण्याला दाद देत नाही. आपल्याकडच्या विहिरींच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यामागेही हेच चुन्याचं कारण. वस्तादांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, तळहात ठाऊक होता.

आयटीआयची फी त्यांनीच भरली. वडिलांची गिरणी संपात बंद पडली होती, आणि ही गोष्ट घरात कुणी वस्तादांना सांगितली नव्हती. कुठून कळली कोण जाणे. पुढे ठाण्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात मुलाखतीला गेलो. साहेबांनी विचारलं, पंपाचा ग्लँड, म्हणजे डोरी भरलेली जागा, गळतोय, काय करशील? म्हटलं, आधी किती गळतोय ते बघेन. साहेब हसले आणि मला पंप विभागात घेतलं. निवृत्त होईपर्यंत त्याच उत्तरावर माझी चूल पेटली.

पहिल्या पगारात वस्तादांसाठी शर्टाचं कापड घेऊन गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "हे बापाला दे. मला पंपाच्या ग्रीसचा डबा आण."

वस्ताद गेले, शेड गेली. आता शेठचा मुलगा ती फोर्ड बाळगून आहे. मागच्या वर्षी त्याने सीलबंद बेअरिंगचा नवा पंप मागवला, अजिबात न गळणारा, ग्रीस न मागणारा. बसवावा का, म्हणून मला विचारलं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी काढायची तर बसवावाच, असं माझं मत. जुन्याच्या नावाने हट्ट धरून इंजिन जाळण्यात शहाणपणा नाही. वस्ताद कुरकुरले असते, पण त्यांनीही हेच केलं असतं. फक्त जुना पंप भंगारात देऊ नकोस, म्हटलं. व्हिंटेज गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक बॉनेट उघडून अस्सलपणा बघतात, तेव्हा तोच लागेल. त्याला ते पटलं. जुन्याची डोरी बदलायचं काम माझ्याकडे आलं. मजुरी किती घेणार, असं त्याने विचारलं, आणि मी त्याला ग्रीसचा डबा आणायला पिटाळलं.