मैदानावरील गणित

गेल्या वर्षी गणितात नापास झालेल्या एका मुलास घेऊन त्याचे वडील आमच्याकडे आले. मुलाची शाळा सोडवून त्यास कामाला लावावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आम्ही त्यास भागाकाराचे एक उदाहरण घातले. तो खाली मान घालून उभा राहिला. ‘हा मंदच दिसतो,’ असा निवाडा आम्हीही मनोमन करून टाकला.

त्याच सायंकाळी मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. धावा मांडावयास तोच बसला होता. “३ षटके उरली, २७ धावा हव्यात. षटकाला ९, म्हणजे चेंडूमागे दीड!” तो ओरडून सांगत होता. आम्ही ओशाळलो. भागाकार त्यास येत होता. आम्हांलाच तो विचारता आला नव्हता.

पुढे कबड्डीचे मैदान आम्ही त्याच्याकडूनच आखून घेतले. लांबी १३ मीटर, रुंदी १० मीटर; चहूबाजूंची रेघ ४६ मीटर, क्षेत्रफळ १३० चौरस मीटर. कोपरा काटकोनात यावा म्हणून ३, ४ व ५ मीटर बाजूंचा दोरीचा त्रिकोण ताणून पाहिला. पुस्तकातील भूमिती त्या दिवशी मातीत उतरली.

पालकहो, बाजारातील अडीच किलो कांद्यांचा हिशेब मुलांनाच करू द्या. पाहुणे आले की तांदूळ किती वाढवावे, हे त्यांनाच विचारा. चुकले तर हसू नका; पुन्हा मोजू द्या.

तो मुलगा अद्याप शाळेत जातो. वहीतील गणित त्यास आजही जड जाते. परंतु आता तो मान खाली घालीत नाही.