अठ्ठावीस दिवसांचा महिना

महिना किती दिवसांचा, हे दुसरीतले पोरही मुठीच्या उंचवट्यांवर मोजून सांगते. पगार महिन्याने, घरभाडे महिन्याने, दूधवाल्याचा हिशेबही महिन्याने. मोबाइल कंपन्यांचा महिना तेवढा अठ्ठावीस दिवसांचा! आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे कारकून, आयुष्य बेरजा-वजाबाक्यांत गेलेले. ३६५ ला २८ ने भागून पाहा. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. या तेराव्या रिचार्जला दरवाढ म्हणत नाहीत, हीच त्यातली खुबी.

भारतात मोबाइलवरून पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात झाले. तेव्हा आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. २००३ साली ते थांबले आणि मग हे यंत्र गवंड्याच्या, रिक्षावाल्याच्या खिशात येऊ लागले. २००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजना निघाल्या. हजाराच्या आसपास रक्कम एकदाच भरा, आयुष्यभर इनकमिंग घ्या! पुढे खुलासा झाला की हे आयुष्य ग्राहकाचे नव्हे, कंपनीच्या परवान्याचे. २०१८ च्या अखेरीस तर मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. तो नाही केला तर काही दिवसांनी इनकमिंगही बंद.

याची झळ कोणाला लागते? देवरूखच्या आसपासच्या वाड्यांत घरटी एक तरी माणूस मुंबईला आणि घरी म्हातारी माणसे, बटणांचा फोन घेऊन. आमच्या ओळखीच्या एका मावशींचा मुलगा विरारला असतो. मावशींना फोन लावता येत नाही. हिरवे बटण दाबून घेता येतो, एवढेच. एका आषाढात चार दिवस फोन वाजला नाही. मुलाला वाटले, पावसाने टॉवर गेला. मावशींना वाटले, मुलगाच आजारी पडला. पाचव्या दिवशी शेजारचा पोरगा भिजत तो फोन आमच्याकडे घेऊन आला. मुदत संपली होती, बाकी काही नाही.

आम्ही कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, मग गाणे. बऱ्याच वेळाने बोलली ती मुलगी बिचारी समोरचे वाचून दाखवत होती. तिच्यावर काय चिडायचे? तीही आमच्यासारखी नोकरच. आम्ही एकच विचारले, ज्या बाईला फक्त आलेला फोन घ्यायचा, तिच्या गळ्यात रोजचे नेट कशाला मारता? तांदूळ घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत वाण्याने बळेच काजू ओतावेत, तसा हा प्रकार. त्यावर उत्तर आले, “सर, आणखी काही मदत करू शकते का?”

बरे, कायदा मुका आहे असेही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये तीस दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेला संपणारी अशी निदान एकेक योजना ठेवण्यास कंपन्यांना बजावले. डिसेंबर २०२४ मध्ये नियम आला की नेट नसलेली, केवळ बोलणे व एसएमएसची योजनाही ठेवलीच पाहिजे. जानेवारी २०२५ पासून तशा योजना आल्या आहेत. पण मागितल्याखेरीज त्या कोणी पुढे करताना आमच्या पाहण्यात नाही!

‘परवडत नाही तर कंपनी बदला,’ असे शहाणे लोक सांगतात. नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे, हे खरे. परंतु ज्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते, तिथल्या माणसाने जायचे कुठे? आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा निवड ती काय उरली?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालाने टेलिफोनच्या तक्रारींना ग्राहक मंचाचे दार बंद झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ते उघडले. २०१९ च्या कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला रत्नागिरीस. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा व कॅलेंडरवर लिहून ठेवावा. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि दुकानात जाताना घरच्या म्हाताऱ्या माणसांना एवढे शिकवून पाठवा: “नेट नको, नुसता बोलण्याचा द्या.”