उपवासाला चालतं का?

"बू, पुआसा?" जकार्तातल्या कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं. बू म्हणजे इबू, म्हणजे आई. जरा पोक्त दिसणाऱ्या बाईला तिथे अशीच हाक मारतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मी निम्म्या कचेरीची आई झाले होते. पुआसाचा अर्थ मात्र विचारावा लागला नाही. रमजान चालू होता आणि शब्द ओळखीचा होता. आपला उपवासच तो. संस्कृताबरोबर कधीतरी गलबतात बसून जावा-सुमात्रेकडे गेला, वाटेत त्याचा पहिला उ पाण्यात पडला. पुढे तिथे इस्लाम आला, पण लोकांनी शब्द बदलला नाही. पुआसा केल्यावर पदरात पडतं ते पहाला, म्हणजे फळ. सुर्गा आणि नेराका उलगडून सांगायला नकोत. पापाला म्हणतात दोसा. तो आपला दोष, पण हे कळल्यापासून दादरच्या उडप्याकडची माझी सगळी वर्षं मला नव्याने मोजावीशी वाटू लागली.

मी नाही म्हणाले. मी दुपारी जेवत होते, आणि जेवायचं तेही आडोशाने. रमजानात बऱ्याच वारुंगांच्या, म्हणजे तिथल्या साध्या खानावळींच्या, तोंडावर कापड लावलेलं असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाकाखालची फक्त पावलं दिसतात. बूट, चपला, एखादा पाय नुसता हलत राहणारा. त्या पावलांत माझीही होती.

महिना मध्यावर आला की बुका बर्सामाची आमंत्रणं सुरू होतात. बुका म्हणजे उघडणं. आपण उपवास सोडतो, ते उघडतात, आणि शक्यतो चारचौघांत. जुने वर्गमित्र, गल्लीतली मंडळी, कचेऱ्या, सगळ्यांचं कुठे ना कुठे ठरतं. आमचं ठरलं एका मोठ्या हॉटेलातल्या बुफेत. बुफे या प्रकाराशी माझं फारसं जमत नाही. उपवासाच्या महिन्यात पन्नास भांडी मांडून ठेवायची हे तर एकादशी आणि दुप्पट खाशी झालं, असं म्हणतच मी गेले. तिथल्या लोकांनाही हे कळतं. संध्याकाळी आडवा हात मारणाऱ्याला ते 'सूड उगवतोय' असं म्हणतात.

आम्ही साडेपाचला पोचलो. संध्याकाळची वाट बघत वेळ काढण्याला तिथे ङाबुबुरित म्हणतात. शब्द सुंदा भाषेतला. शाळेत क ख ग घ नंतर ङ घोकून घेतला, पण त्याने सुरू होणारा शब्द उभ्या जन्मात भेटला नव्हता. तो पन्नाशीत, जकार्तात, भुकेल्या माणसांच्या तोंडून भेटला. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच मावळतो, पण त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत तो मुद्दाम रेंगाळतो आहे असं वाटतं. सगळ्यांनी वाट्या भरून आणल्या होत्या. समोर खजूर, सरबत, तळणीतून नुकतेच निघालेले बकवान. कोपऱ्यात आख्खा बकरा सळईवर सावकाश फिरत होता. आणि कोणी हात लावत नव्हतं. दोनशे माणसं भरल्या वाटीकडे बघत, कोणी फोनमधलं घड्याळ बघत बसली होती. दुपारी मासा-भात जेवून आलेली मी मध्ये बसून होते, आणि माझ्याही तोंडाला कोरड पडली होती.

मग बेदुगचा, मशिदीतल्या त्या अवाढव्य ढोलाचा, आवाज ध्वनिक्षेपकातून आला आणि पाठोपाठ अजान. एकदम गलका होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. खोली आणखी शांत झाली. खजुराच्या बिया बशीत पडल्याचे आवाज येत होते. सूपाच्या भांड्यामागे उभा असलेला वाढपी खाली वाकला, पाठ फिरवून एक खजूर आणि दोन घोट गोड चहा घेतला, तोंड पुसलं, आणि पळी हातात घेऊन पुन्हा उभा राहिला. दिवसभर त्यानेही काही घेतलं नव्हतं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

उपवास उघडायच्या या पहिल्या खाण्याला ताकजिल म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाई करणं. वेळ झाली की उशीर लावू नये म्हणून. माझ्या वाटीत कोलाक होता. नारळाच्या दुधात माडाचा काळसर गूळ विरघळवलेला, त्यात केळ्याचे काप, रताळ्याच्या फोडी. दुसरा घास घेतला आणि राजापूरची आजी आठवली.

आजीचं उपवासाचं शास्त्र कडक होतं. जिरं चालायचं, मोहरी नाही. वरीचे तांदूळ चालायचे, तांदूळ नाही. का, हे विचारायचं नाही. मी मनातल्या मनात वाटी तिच्यापुढे ठेवली. केळं? चालतं. रताळं? चालतं. नारळ, गूळ? हे काय विचारणं झालं. कोलांग-कालिंग म्हणून पांढरट, चिवट गर होता, आरेन नावाच्या ताडाच्या फळातला. त्याच्याकडे तिने जरा रोखून पाहिलं असतं आणि ताडगोळ्याच्या भावकीतला म्हणून सोडून दिलं असतं. वासासाठी पांदानचं पान गाठ मारून टाकलं होतं. हेच पान कोकणात काही परसांत आंबेमोहोराचं म्हणून लावतात आणि भातात घालतात. पान काढूनच टाकायचंय ना, मग कसली हरकत. थोडक्यात, मुसलमानी उपवास उघडायचा हा पदार्थ आजीने आषाढी एकादशीला बिनदिक्कत खाल्ला असता.

शेजारणीने तिची वाटी पुढे केली. तिच्यात बिजी सालाक होतं, रताळ्याचे लांबट गोळे गुळाच्या दाट रसात. आणि त्या रसात तरंगत होता, गुलाबी रंगवलेला, साबुदाणा.

"हे काय?" मी उगाच विचारलं.

"सागु मुतिआरा," ती म्हणाली. सागूचे मोती.

साबुदाण्यातला साबू तो हाच. सागू म्हणजे तिकडच्या पूर्वेकडच्या बेटांवरचं ताडासारखं झाड. मालुकू आणि पापुआत त्याच्या खोडातला गर किसून, धुऊन, त्याचं पीठ खातात. त्यांचं ते रोजचं अन्न. शब्द आपल्याकडे आला आणि उपवासाचा होऊन बसला. त्या झाडाचा आणि आपल्या खिचडीचा आता काही संबंध नाही. आपला दाणा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला. जकार्तातले मोतीही पुष्कळदा त्याच कंदाचे असतात. तरी मला ते बघून काहीतरी झालं. आपण त्यांना उपवास दिला आणि त्यांनी आपल्याला उपवासाला खायला दिलं. कोणी ठरवून हे केलेलं नाही.

नंतर सगळे नमाजाला गेले आणि मी टेबलावरच्या दहा-बारा पर्सांची राखण करत बसले. ती माणसं परतल्यावर खरं जेवण सुरू झालं, पण त्याबद्दल मला थोडंच सांगायचं आहे. सुमात्रेचं रेंदांग नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवून जवळजवळ कोरडं केलेलं असतं, आणि हॉटेलवाल्यांना तेवढा धीर नव्हता. योग्याकार्ताचं गुदेग, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, इतकं गोड होतं की कुयरीच्या भाजीवर वाढलेल्या माझ्या जिभेने हात टेकले. क्लेपोन मात्र तीनदा घेतलं. हिरव्या पिठीच्या उकडलेल्या गोळीत गूळ आणि बाहेरून ओला नारळ, म्हणजे आतलं बाहेर केलेला मोदक. अख्खी तोंडात टाकून ओठ मिटायचे असतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्या गोळीचा गूळ समोरच्या साहेबांच्या बाटिक सदऱ्यावर गेला. आधीच एवढी वेलबुट्टी होती की कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी दोडोल आला, काळा, चिकट, कापून मांडलेला. नावासकट गोव्याचा. कोण कोणाकडून शिकलं याचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. मी एक तुकडा कागदात बांधून घेतला.

खोलीवर आले तर आईचा फोन. तिकडे सात वाजले होते, मागे घंटा वाजत होती.

"काय जेवलीस?"

"साबुदाणा, रताळं, केळं. नारळाच्या दुधातलं."

"उपवास होता? आज कसला?"

"इथे सगळ्यांचाच होता."

"थांब हं." चष्मा शोधल्याचा आवाज आला, मग कालनिर्णयाचं पान उलटल्याचा. "नाही गं. आज तर वद्य षष्ठी."